घरी कॉइल भरायला शिका: सुरुवात पंच्याहत्तर फेऱ्यांपासून

रेझिस्टर घरी कुणी बनवत नाही. कपॅसिटर नाही, ट्रान्झिस्टरचा तर प्रश्नच नाही. कॉइल मात्र तांब्याची तार, नळीचा एक तुकडा आणि तासभर एका जागी बसायची तयारी एवढ्यावर होते. तरी नवशिक्यांना सगळ्यात जास्त धाक तिचाच. सर्किटच्या चित्रात ‘२३० मायक्रोहेन्री’ दिसलं की पान उलटायचं, ही माझीही कित्येक वर्षांची सवय होती. दुकानात रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या, रंगीत पट्ट्यांच्या तयार कॉइल मिळायच्या. त्यांतून जरा जास्त करंट सोडला की चटका बसायचा, आणि रेडिओच्या ट्यूनिंगला तर त्या कुचकामीच होत्या.

पहिली कॉइल मोठी भरा, एवढा माझा आग्रह आहे. ५० मिलिमीटरच्या नळीवर पंच्याहत्तर फेऱ्यांत एखादा फेरा चुकला तर इंडक्टन्समध्ये, म्हणजे कॉइलच्या मायक्रोहेन्रीत मोजायच्या मापात, दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही. ड्रिल बिटावरच्या पाच फेऱ्यांच्या कॉइलमध्ये एक फेरा कमी पडला तर पाव इंडक्टन्स गेला. बहुतेक मुलं मात्र नेमकी त्या छोट्या कॉइलपासून सुरुवात करतात, सर्किट चालत नाही, आणि ‘कॉइल आपल्याला जमत नाही’ म्हणून मोकळी होतात. म्हणून आधी मध्यम लहरींच्या रेडिओची मोठी कॉइल, मग पॉवर सप्लायची रिंगवरची कॉइल, आणि हात बसला की पाच फेऱ्यांची.

तार कुठून आणायची

आमच्या नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सचं बरंच काही मिळतं, पण तारेसाठी मी तिकडे जात नाही. आपल्या मोहल्ल्यातला मोटर भरणारा गाठायचा. नागपुरात तो शोधावा लागत नाही, कारण इथे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही आणि दर उन्हाळ्यात कुणाची तरी कूलरची मोटर जळतेच. त्याच्याकडे वाइंडिंग वायरची रिळं असतात आणि तो तार वजनावर देतो. फक्त मार्च-एप्रिलमध्ये, लोक कूलरच्या ताट्या बदलत असतात त्या दिवसांत, शंभर ग्रॅम तार मागायला जाऊ नका. मी गेलो होतो. भाऊंनी मान वर न करता विचारलं, “पंखा हाय का पंप?” म्हटलं, रेडिओची कॉइल भरायची आहे. “मंग दिवाळीनंतर या ना भाऊ, आता कायले आले!” दिवाळीनंतर गेलो तर त्यांनी बसवून चहा पाजला आणि जुन्या रिळातली उरलेली तारही देऊन टाकली.

मागायची ती २६ गेजची तार. आपल्याकडे गेज म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा एसडब्ल्यूजी: २० गेज ०.९१ मिलिमीटर, २२ गेज ०.७१, २४ गेज ०.५६, २६ गेज ०.४६, ३० गेज ०.३१. बाहेरच्या सर्किटांत बहुधा अमेरिकी एडब्ल्यूजी असतो आणि त्यातला २६ नंबर ०.४० मिलिमीटरचा. आकडा सारखा, तार वेगळी. म्हणून गेजच्या नंबरावर न जाता मिलिमीटर बघायची सवय लावा.

२६ गेजची शंभर ग्रॅम तार साधारण ६५ मीटर भरते. पहिल्या कॉइलला साडेबारा मीटर लागते, म्हणजे चार-पाच वेळा चुकायची सोय झाली. जळालेल्या मोटरची किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरची उकललेली तार फुकट मिळाली तरी घेऊ नका. एकदा वळलेल्या, भाजलेल्या तारेचं एनामल, म्हणजे तिच्यावरचा इन्सुलेशनचा पातळ थर, जागोजागी तडकलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, कॉइलला मात्र कळतं.

तार नक्की किती जाड आहे हे बघायला मायक्रोमीटर लागत नाही. पेन्सिलीवर वीस फेरे एकमेकांना चिकटवून गुंडाळा आणि पट्टीने मोजा. १० मिलिमीटर भरले तर एनामलसकट जाडी ०.५. हिशोबाला हाच आकडा घ्यायचा. तक्त्यातला नुसत्या तांब्याचा घ्यायचा नाही.

हिशोब

आपल्याला २३० मायक्रोहेन्री कशाला हवेत? मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. जुन्या रेडिओतला पात्यांचा गँग, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कपॅसिटर, पूर्ण मिटला की ३६५ पिकोफॅरडच्या आसपास जातो. त्यात तारांची, नळीची अशी इकडची-तिकडची वीसेक धरली की ३८५. आता २५३३० ला मेगाहर्ट्झच्या वर्गाने आणि पिकोफॅरडने भागलं की उत्तर थेट मायक्रोहेन्रीत येतं. ०.५३१ चा वर्ग ०.२८२, त्याला ३८५ ने गुणलं की १०८.६, २५३३० भागिले १०८.६, म्हणजे सुमारे २३३. झाला खालच्या टोकाचा हिशोब. वरच्या टोकाला याच कॉइलसाठी सुमारे ४२ पिकोफॅरड लागतात आणि गँग पूर्ण उघडला की तिथपर्यंत खाली येतो.

एवढे मायक्रोहेन्री मिळायला फेरे किती हवेत, याचं सूत्र हॅरोल्ड व्हीलर या अमेरिकी अभियंत्याने १९२८ साली दिलं. मुळात ते इंचांत आहे. मिलिमीटरमध्ये मांडलं की असं होतं:

इंडक्टन्स (मायक्रोहेन्री) = (व्यास × व्यास × फेरे × फेरे) ÷ (४५७ × व्यास + १०१६ × लांबी)

लांबी म्हणजे गुंडाळलेल्या भागाची. नळीची किंवा तारेची नव्हे. व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचा, म्हणून ५० मिलिमीटर नळी आणि अर्ध्या मिलिमीटरची तार असेल तर ५०.५. पंच्याहत्तर फेरे हाताने भरले की लांबी ३८ मिलिमीटरच्या थोडी वर जाते. आकडे घालून बघा, २३१ येतं. कॉइलची लांबी व्यासाच्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्त असेल तोवर हे सूत्र एखाद्या टक्क्याच्या आत बरोबर असतं. म्हणजे आपला हातच त्याहून जास्त चुकतो.

इथे एक गोष्ट नीट बघून ठेवा. ‘फेरे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट’ हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. या नळीवर दीडशे फेरे भरून हिशोब केला तर ५६९ मायक्रोहेन्री येतात, म्हणजे जेमतेम अडीच पट. कारण फेऱ्यांबरोबर लांबीही वाढली. चौपटीचा नियम लांबी तेवढीच राहिली तर, किंवा पुढे येणाऱ्या रिंगवर. आणि हो, तुमच्याकडे खिशातल्या रेडिओतला छोटा पीव्हीसी गँग असेल तर त्याची क्षमता ३६५ नसते, बहुधा निम्म्याहून कमी असते. आधी मोजून घ्या. सगळं धरून १६० पिकोफॅरड भरले तर हे दीडशे फेरेच तुमच्या कामाचे.

भरायला बसण्याआधी

नळी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला ५० मिलिमीटर बाह्यव्यासाचा पीव्हीसी पाइप. दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा पुरे. प्लंबिंगचं काम चाललं असेल तिथे मागितला तर तसाच मिळतो. पुठ्ठ्याची नळीही चालते, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती पाणी धरते आणि फुगते. वापरायचीच असेल तर उन्हात वाळवून वार्निशचा हात द्या.

नळीच्या एका कडेपासून ३ सेंटिमीटरवर दोन मिलिमीटरची दोन भोकं पाडा, एकमेकांपासून चार मिलिमीटरवर. तिथून ३९ मिलिमीटरवर तशीच आणखी दोन. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर एनामल सोलतं आणि आपल्याला दोन दिवस पत्ता लागत नाही.

आता खरं काम. रीळ मांडीवर ठेवून तार ओढत ओढत नळीवर गुंडाळायला जाऊ नका. सगळेच आधी हेच करतात. तार रिळावरून उसळते, तिला अढी पडते, आणि ओढून अढी सरळ केली तरी त्या जागी ती कमजोर झालेली असते. त्याऐवजी गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात तारेचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि साडेबारा मीटर तार सगळी मोकळी पसरा. दुसरं टोक भोकांतून आत-बाहेर दोनदा ओवून पक्कं करा आणि १५ सेंटिमीटर टोक मोकळं सोडा. आता नळी दोन्ही हातांत आडवी धरून मागे रेला, म्हणजे तार ताणात येईल. मग नळी फिरवत फिरवत खिडकीकडे चालत जायचं. तार फिरवायची नाही, नळी फिरवायची. डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या फेऱ्यावर टेकलेला असतो आणि नवा फेरा त्याच्या नखाला घासत जागेवर बसतो. नीट बसला की बारीक ‘टक’ असं जाणवतं. दोन फेऱ्यांत फट राहिली तर लगेच नखाने सरकवा. दहा फेरे पुढे गेल्यावर ती फट बुजत नाही.

एका फेऱ्याला सुमारे १६ सेंटिमीटर तार जाते. म्हणजे खिडकी तुमच्याकडे फार हळू येते, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी ‘पोहे घेतोस का’ म्हणून विचारतं. फेरे मोजायचं विसरायची हीच वेळ. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बोटात घालायचं जपाचं काउंटर. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. एक फेरा, एक टिचकी. आईने पाहिलं तेव्हा तिला वाटलं, पोरगा सुधारला. काउंटर नसेल तर दर दहाव्या फेऱ्यावर मार्करचा ठिपका द्या, नंतर ठिपके मोजता येतात.

पंधराव्या फेऱ्यावर एक टॅप, म्हणजे मधला जोड, काढून ठेवा, म्हणजे पुढे बॅटरीशिवाय चालणारा क्रिस्टल रेडिओ करताना डायोड तिथे जोडता येईल. अंगठा दाबलेलाच ठेवून तारेचा दोन सेंटिमीटरचा फास करा, त्यात काडेपेटीची काडी घालून तीन-चार पीळ द्या, काडी काढा आणि पुढे चालू लागा. तार तोडायची नाही.

पंच्याहत्तर झाले की ताण न सोडता शेवटच्या भोकांतून तार दोनदा ओवा. ताण सुटला तर वरचे आठ-दहा फेरे सैल होऊन उलगडतात. तेव्हा चिकटपट्टीचा एक तुकडा आधीच कापून मनगटावर चिकटवून ठेवलेला बरा.

टोकं

कॉइल चालत नसेल तर दहातल्या आठ वेळा दोष टोकांत निघतो. एनामल पारदर्शक, तांब्याच्याच रंगाचं. तार उघडीच आहे असं वाटतं, सोल्डर वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि आत जोड नसतोच.

एनामल दोन जातींचं असतं. बारीक तारेवर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचं असतं. ते तापलेल्या सोल्डरिंग आयर्नखाली, सोल्डरचा थेंब धरून ठेवला की जळून निघतं. धूर नाकात घेऊ नका. मोटरच्या तारेवर मात्र उष्णता सोसणारं एनामल असतं, मोटर तापते म्हणूनच तर ते निवडलेलं असतं. ते आयर्नला दाद देत नाही. पॉलिश पेपरची घडी करून तार तिच्यात धरा आणि फिरवत फिरवत ओढा, तांबं गुलाबी चकाकेपर्यंत. ब्लेडने खरवडलं तर तारेला खाच पडते आणि ती तिथेच तुटते, तीही बहुतेक वेळा सगळं डब्यात बसवून झाल्यावर. टॅपच्या फासाला मात्र चारही बाजूंनी घासावं लागतं. तिथे घाई करू नका.

सोल्डर लावून झालं की मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांत मोजा. साडेबारा मीटर २६ गेजच्या तारेचा रोध १.३ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा धरून दीड-पावणेदोन दिसला तरी ठीक. पंधरा-वीस दिसला किंवा आकडा नाचत राहिला तर टोक पुन्हा घासा.

उपकरणाशिवाय तपासणी

इंडक्टन्स मोजणारा एलसी मीटर असेल तर मोजून मोकळे व्हा. बाजारात स्वस्तात मिळणारा एलसीआर-टी४ नावाचा टेस्टर इंडक्टन्स ०.०१ मिलिहेन्रीच्या पायऱ्यांनी दाखवतो. आपली कॉइल त्यावर ०.२३ दिसेल, तेवढं पुरे. १० मायक्रोहेन्रीच्या खालचं मात्र त्याला कळतच नाही. छोट्या कॉइलसाठी त्याच्यावर विसंबू नका.

मीटर नसेल तर घरातला मध्यम लहरीचा ट्रान्झिस्टर रेडिओ काढा. कॉइलची दोन टोकं गँगच्या दोन टोकांना जोडा. बॅटरी नाही, काही नाही. रात्री ट्रान्झिस्टरवर दूरचं एखादं केंद्र लावा, जेमतेम ऐकू येणारं. जोरात येणारं केंद्र इथे चालत नाही, कारण रेडिओ आपला आवाज आपणच सांभाळून घेतो आणि फरक कानाला कळत नाही. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी आडवी बसवलेली असते. आपली नळी तिला समांतर, हातभर नव्हे, चार बोटांवर धरा. आता गँग हळूहळू फिरवा. एका ठिकाणी खरखर दबते आणि आवाज एकदम पुढे येतो. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की पुन्हा गेला. त्या क्षणी तुमची कॉइल आणि गँग त्या केंद्राच्या कंपनसंख्येला रेझोनन्समध्ये असतात.

हीच जागा हिशोबाशी ताडून बघा. आमच्या घरच्या जुन्या रेडिओच्या काचेवर नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झला पेनाने केलेली खूण अजून आहे. २३० मायक्रोहेन्रीला तिथे एकूण ३२२ पिकोफॅरड लागतात, म्हणजे गँगची पाती बरीचशी मिटलेली हवीत. ५८५ च्या जवळचं केंद्र लावलेलं असताना आवाज अर्ध्या उघड्या पात्यांवरच पुढे आला, तर कॉइल हवी त्यापेक्षा मोठी झाली. चार-पाच फेरे काढा. पाती पूर्ण मिटूनही आवाज पुढे यायला तयार नसेल तर फेरे कमी पडलेत. रोध बरोबर, फेरे बरोबर, तरीही आवाजात कुठेच उठाव नाही? मग कुठेतरी एनामल सोलून दोन फेरे एकमेकांना भिडलेत. मल्टिमीटर हे सांगू शकत नाही, पंच्याहत्तरातला एक फेरा गेल्याने रोध कितीसा बदलणार! तो एक बंद फेरा मात्र सगळ्या कॉइलची ताकद खाऊन बसतो. अशी कॉइल उकलून नव्या तारेने भरायची, दुसरा इलाज नाही.

क्रिस्टल रेडिओकडे वळलात आणि एरियल गच्चीवर टाकलं, तर आभाळ भरून आलं की ते सोडवून ठेवा. मे-जूनच्या आपल्याकडच्या विजा काही गमतीच्या नसतात.

मेण नको

जुन्या पद्धतीत कॉइल मेणाने पक्की करायची रीत आहे. मीही केली होती. फेराइटच्या कांडीवर कॉइल सरकवून जागा ठरवायची असते, कारण कांडीच्या मध्यावर इंडक्टन्स सगळ्यात जास्त आणि टोकाकडे सरकवलं की कमी. जागा सापडली की दिवाळीतल्या मेणबत्तीचे चार थेंब टाकायचे. तो रेडिओ जानेवारीत झकास चालला. मे महिन्यात मी तो गाडीत ठेवून दुपारभर कामाला गेलो. संध्याकाळी बघतो तर सगळी केंद्रं डायलवर सरकलेली. उघडलं तेव्हा कॉइल कांडीच्या टोकाशी जाऊन बसलेली, आणि मेण सर्किट बोर्डावर पसरलेलं. मेणबत्तीचं मेण ५५-६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीला तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. ग्लू गनच्या कांड्यांचाही मला या दिवसांत भरवसा नाही.

मोटर भरणाऱ्याकडेच हवेत वाळणारं वार्निश मिळतं, ते ब्रशने एक पातळ हात द्या. नसेल तर बिनरंगी नेलपॉलिश. कॉइलभर थापायचं नाही. नळीच्या लांबीने तीन-चार रेघा ओढल्या तरी फेरे हलत नाहीत. उन्हाळ्यात तारेचा रोधही वाढतो, तांब्याचा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. जानेवारीतल्या १५ अंशांत १.३ ओहम दाखवणारी कॉइल मेच्या ४५ अंशांत साधारण १.४५ दाखवेल. कॉइल बिघडली असं समजू नका.

रिंगवरची कॉइल

दुसरी कॉइल पॉवर सप्लायची. एलएम२५७६ हा आयसी वापरून १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं सर्किट बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यात १०० मायक्रोहेन्रीची कॉइल लागते आणि तिच्यातून तीन अँपिअरपर्यंत करंट जातो. तिथे नळी चालत नाही, लोहचूर्णाची रिंग लागते. कबाड्याकडच्या कॉम्प्युटरच्या बाद एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यात, ती असते: पिवळी, एक बाजू पांढरी. एसएमपीएस स्वतः उघडणार असाल तर मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, हे ध्यानात ठेवा. पहिल्या खेपेला जाणत्या माणसाला सोबत घ्या. सीएफएलच्या बुडातूनही छोट्या रिंगा निघतात, पण त्या फेराइटच्या, या कामाच्या नाहीत. आणि काच फोडू नका, आत पारा असतो.

पिवळी-पांढरी रिंग २७ मिलिमीटर व्यासाची आणि ११ उंचीची असेल तर ती बहुधा टी१०६-२६ जातीची. तिची एएल व्हॅल्यू, म्हणजे एका फेऱ्याला मिळणारा इंडक्टन्स, ९३ नॅनोहेन्री. इथे हिशोब अगदी सोपा, कारण वर्गाचा नियम इथे खरा ठरतो: फेऱ्यांचा वर्ग गुणिले एएल. १०० मायक्रोहेन्री म्हणजे १,००,००० नॅनोहेन्री, भागिले ९३, त्याचं वर्गमूळ ३२.८. तेहतीस फेरे. रिंग अनोळखी असेल तर तिच्यावर साध्या तारेचे तीस फेरे भरा, मोजा, ९०० ने भागा, आला एएल. दहा फेरे भरून मोजू नका, वर सांगितलेल्या टेस्टरला तेवढं दिसतच नाही.

एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला आणखी एक रिंग असते, दोन वेगवेगळ्या वाइंडिंगची, कित्येकदा हिरवी. हात शिवशिवतो, कारण तिच्यावर दहा फेऱ्यांतच भरपूर इंडक्टन्स दिसतो. पण ती फेराइटची, फट नसलेली असते. डीसी करंट वाढला की ती भरून जाते आणि इंडक्टन्स एकदम कोसळतो. मीटरवर १०० मायक्रोहेन्री, प्रत्यक्षात आयसी गरम. लोहचूर्णाच्या रिंगमध्येही इंडक्टन्स उतरतो, पण हळूहळू. म्हणून इथे तीच घ्यायची.

तीन अँपिअरला २० गेजची तार घ्या, दीड मीटर. रिंगच्या कडेवर खरखरीत धार दिसली तर नळवाल्यांच्या टेफ्लॉन टेपचा एक पदर गुंडाळा. मग तारेचा मध्य रिंगच्या भोकात ठेवा. आधी एका अर्ध्याचे फेरे भरायचे, मग दुसऱ्याचे. अख्खी दीड मीटर तार तेहतीस वेळा ओवण्यापेक्षा अर्धी ओवणं केव्हाही बरं. मोजायचा नियम एकच: तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके फेरे. बाहेरून काय दिसतं ते विसरा. मध्य ठेवताना तार भोकातून गेली, तोच पहिला फेरा झाला. इथे सगळे एकाने चुकतात, मीसुद्धा अजून आतल्या बाजूने बोट फिरवून पुन्हा मोजतो. आत फेरे शेजारी-शेजारी बसतील, बाहेर फटी राहतील, ते बरोबरच आहे. तेहतीस फेरे एका थरात बसून आत थोडी जागा उरते. दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर राहू द्या.

पाच फेरे

आता छोटी. एफएमच्या पट्ट्यातल्या रिसीव्हरला ०.१ मायक्रोहेन्रीच्या कॉइल लागतात. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटाच्या गुळगुळीत दांड्यावर २२ गेजचे पाच फेरे भरा आणि फेऱ्यांत किंचित फट ठेवून लांबी ५ मिलिमीटर करा. व्हीलरचं सूत्र ०.१०६ सांगेल. १०० मेगाहर्ट्झला तिच्याबरोबर सुमारे २४ पिकोफॅरड लागतात. इथे मात्र टोकाच्या तारांचाही इंडक्टन्स लागतो, म्हणून हिशोब अंदाजापुरता. बोर्डावर टोकं आखूड ठेवून सोल्डर करा आणि मग फेरे ताणून-दाबून जमवा. ताणलं की इंडक्टन्स उतरतो, दाबलं की चढतो. पेचकसाने करू नका, लोखंड जवळ येताच कॉइल बदलते आणि हात काढल्यावर पुन्हा वेगळीच. अगरबत्तीची विझलेली काडी टोक काढून वापरा. याच कॉइलवर एफएम ट्रान्समीटरची सर्किटंही सगळीकडे फिरत असतात. परवान्याशिवाय आपल्याकडे प्रक्षेपण करता येत नाही, तेव्हा रिसीव्हरवरच हात साफ करा.

आणि भरलेली छोटी कॉइल सुट्या डब्यात टाकू नका. दोन दिवसांनी काढाल तेव्हा ती पाच फेऱ्यांचीच असेल, पण ०.१ ची नसेल. बोर्ड तयार होईपर्यंत तिला ड्रिल बिटावरच राहू द्या, आणि बिटाला कागदाची चिठ्ठी: गेज, फेरे, लांबी.